गुहेतून मी काय आणलं

तुमच्या हातात माझं एखादं पत्रक कधी पडलं असेल — मंडईत, बसस्थानकावर, भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांच्या दुकानासमोर — तर त्यात हे नव्हतं. कुठल्याच पत्रकात नव्हतं. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या खोटेपणावर ढीगभर लिहिलं आणि माझा खोटेपणा त्या ढिगाखाली ठेवून दिला. आज तो वर काढते आहे. एका झटक्यात काढता आला असता तर बरं झालं असतं — पण तीनदा कागद फाडलाय. तिन्ही वेळा पहिल्याच परिच्छेदात मी माझी बाजू मांडायला लागले होते.

तेव्हा आधी थोडं घरचं. हीसुद्धा बाजू मांडणंच आहे का? असेल. तुम्ही ओळखाल.

बाबा वरठीच्या कारखान्यात होते. सायकलच्या कॅरियरला जेवणाचा डबा आणि डब्याखाली पत्रकं — कामगारांच्या मागण्यांची, सभेची, निषेधाची. आमच्या घरी धानाच्या कोठीवर पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. ‘कमळ’ हा शब्द मला यायच्या आधी ‘जाहीर’ येत होता. रविवारी आम्ही दोघं जमिनीवर बसून घड्या घालायचो, आणि बाबा प्रत्येक गठ्ठ्यातलं एक पत्रक उलटून तळाची ओळ बघायचे. तिथे नाव आणि पत्ता हवा. पुढे फोन नंबरही. नाव नसलेलं पत्रक म्हणजे अंधारातून मारलेला दगड, असं ते म्हणायचे. मी मोठी झाले, माझी पत्रकं मी लिहायला लागले, आणि माझ्या प्रत्येक पत्रकाखाली माझं नाव आणि माझा नंबर असतो. याचा मला फार अभिमान होता.

कॉलेज संपल्यावर मी भंडाऱ्यातल्या एका लहानशा विज्ञान मंडळात गेले. पंधरा-वीस माणसं. अध्यक्ष डोमाजीकाका — निवृत्त शाळामास्तर, आवाज अजून वर्गातलाच. आम्ही गावोगाव जाऊन भोंदूंचे चमत्कार करून दाखवायचो आणि मग ते कसे केले हे सांगायचो. तळहातावर कापूर जाळायचा, नारळातून लाल पाणी काढायचं, जिभेतून तार आरपार गेल्यासारखी दाखवायची. दिवाळीनंतर आमच्याकडे गावागावात मंडई भरते, बाहेरगावचे पाहुणे येतात, नाटकं होतात — तो आमचा हंगाम. आमचा एकच नियम होता, आणि तो मीच भाषणात सांगायचे: आम्ही तुमच्यापासून काही लपवत नाही. फसवणाऱ्यात आणि आमच्यात फरक आहे तो एवढाच.

तुमसर तालुक्यातल्या एका गावात तेव्हा एक महाराज बसले होते. त्यांच्याकडे एक पिंड होती. ती दर वर्षी एका तांदळाच्या दाण्याएवढी वाढते, असं ते म्हणायचे. तापाने फणफणलेल्या लेकरांना बाया दवाखान्यात न नेता त्या पिंडीचं पाणी पाजत होत्या. आम्ही गेलो, बोललो. दगड आपोआप वाढू शकतो, चुन्याचं पाणी ठिबकत राहिलं तर वाढतो, त्यात देव नसतो — मी पुस्तकातली चित्रं दाखवली. एक म्हातारा उठून म्हणाला, “फोटोत तं काहीबी दाखवता येते, बाई. आणून दाखव ना वाढनारा गोटा.” लोक हसले. मी हसले नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

त्याच हिवाळ्यात मंडळाची सहल ठरली. बस्तरच्या जंगलात चुनखडीची गुहा आहे, गाववाले वाटाडे दिवे घेऊन आत नेतात, ती बघायची. मीच सुचवलं होतं. काका म्हणाले, चला, शिकायला मिळेल. मी शिकायला निघाले नव्हते. माझ्या पिशवीत एक स्टीलची डबी होती आणि डबीत कापूस. घरूनच भरून घेतला होता.

हे मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं ते भान हरपून झालं असं तुम्हाला वाटायला नको.

चौदा जण होतो, एक ट्रॅव्हलर गाडी, आणि आंबागडच्या शेवंतामावशीने केलेले लाखोळीच्या डाळीचे वडे. मावशीची ओळख करून द्यायला हवी. स्वतःची धानाची शेती करणारी, साठीची, एकटी बाई. काही वर्षांपूर्वी तिच्या शेजाऱ्यांनी ती करणी करते असं उठवलं होतं, विहिरीवर येऊ देत नव्हते. मंडळाने गावात जाऊन चार बैठका घेतल्या, ते थांबवलं. तेव्हापासून मावशी आमची. देव मात्र तिने सोडला नाही. “तुमी मले वाचवलं म्हनून का मी त्याले सोडू?” असं काकांना तोंडावर विचारायची.

गुहेच्या तोंडाशी आम्हाला लखमू भैया मिळाले. चाळिशीचा माणूस, अंगावर खाकी शर्ट, हातात मोठा दिवा. त्या गुहेची व्यवस्था आसपासच्या गावांची समिती बघते. वाटाड्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात, ज्याची पाळी त्याने गट आत न्यायचा, त्या दिवसाचे पैसे त्याचे. त्या दिवशी त्यांची पाळी होती. ते आमच्याशी हिंदीत बोलायला लागले आणि दोन मिनिटांत थांबले — मावशी माझ्याशी काहीतरी बोलत होती ते ऐकून. त्यांची हल्बी आणि आमची झाडीबोली ऐकायला चुलतबहिणींसारख्या. त्यांना फार गंमत वाटली. “अरे, ये तो अपने ही लोग हैं,” असं ते दुसऱ्या वाटाड्याला ओरडून म्हणाले.

अपने ही लोग.

आत उतरायला लोखंडी जिना, मग इतकी अरुंद फट की डोमाजीकाकांना पोट आत ओढून आडवं व्हावं लागलं. “काकाजी, कमी खात जा,” असं मावशी मागून म्हणाली. खाली उबदार, ओलसर हवा, श्वास जड होतो. आणि मग लखमू भैयांनी दिवा वर धरला. छतावरून उतरलेले दगडी पडदे, जमिनीतून वर आलेले खांब, मधे डबकं आणि त्यात डोळे नसलेले इवले पांढरे मासे. मी अशी जागा कधी पाहिली नव्हती. त्यानंतरही नाही.

त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं, हात लावायचा नाही. “छूना मत। ये अभी जिंदा है। पानी टपक रहा है, बढ़ रहा है।” हाताचा घाम लागला तरी वाढ थांबते, काळं पडतं. बोटाच्या एका पेराएवढं व्हायला शेकडो वर्षं लागतात — हे सांगताना त्यांनी स्वतःचं बोट दिव्यापुढे धरलं होतं. पूर्वी लोक तुकडे तोडून न्यायचे, म्हणून समितीने नियम केला: गटासोबत आत गेलेल्या वाटाड्याची जबाबदारी. काही तुटलं तर तो जाब देणार. हेही त्यांनी सांगितलं. मी ऐकलं. तुम्ही विचाराल म्हणून सांगते — हो, मला माहीत होतं.

आत एका कोपऱ्यात पिंडीसारखा खांब होता, त्यावर कुणीतरी कुंकू वाहिलेलं. मावशीने हात जोडले. मी लखमू भैयांशी तिथेच वाद घातला. तुम्ही इतकं सगळं शास्त्र सांगता आणि इथे कुंकू कसं चालू देता? ते शांतपणे म्हणाले, हात न लावता लांबून वाहतात, मी तेवढं बघतो. मी पिशवीतून माझं पत्रक काढलं आणि त्यांना दिलं. त्यांनी ते वाचायचा प्रयत्न केला नाही, नीट घडी घालून खिशात ठेवलं. माझ्या नावासकट. माझ्या नंबरासकट.

मग ते एका दालनात थांबले आणि म्हणाले, आता सगळ्यांनी दिवे, मोबाइल बंद करायचे. मीही दिवा बंद करतो. एक मिनिट. कुणी हलायचं नाही. असा अंधार तुम्ही बाहेर कुठेच बघणार नाही.

प्रत्येक गटाला ते हा अंधार दाखवतात. विचार करा — तुटलेल्या प्रत्येक तुकड्याचा जाब देणारा माणूस स्वतःच्या हाताने दिवा विझवतो. समोरच्यांवर विश्वास असल्याशिवाय विझवेल?

दिवे लावलेले असतानाच मी जागा बघून ठेवली होती. माझ्या डाव्या खांद्याच्या वर, छतातून लोंबणारी, खडूएवढी, आतून पोकळ, टोकाला पाण्याचा थेंब असलेली एक कांडी. अंधार झाला. खरंच, तसा अंधार नसतो कुठे. डोळे उघडे की मिटलेले, कळत नाही. मी हात वर केला, बोटांनी ती शोधली — ओली होती, गार — आणि मोडली.

आवाज झाला. मला वाटलं होतं होणार नाही. पापड मोडावा तसा, लहान, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. लखमू भैया लगेच म्हणाले, “कौन? क्या हुआ?”

कुणी काही बोलण्याआधी शेवंतामावशीचा आवाज आला. “काही नाही रे बापा, माह्या गुडघा वाजला! म्हातारी हाओ मी.”

सगळे हसले. लखमू भैयाही हसले. तेवढ्या हसण्यात कांडी डबीत गेली, झाकण लागलं. दिवा लागला तेव्हा मीही हसत होते.

हे झालं पहिलं. तुम्हाला वाटेल हाच तो कबुलीजबाब. मलाही बरीच वर्षं वाटायचं की माझा गुन्हा एवढाच — एक तुकडा. पण नाही. चोरीपेक्षा मोठं पुढे आहे, आणि ते मी उजेडात केलं, घरी, अंगणात, खुर्चीवर बसून.

परत आल्यावर आठेक दिवसांनी दुपारी फोन आला. अनोळखी नंबर. लखमू भैया होते. त्यांनी पत्रकावरचा नंबर लावला होता. बाबा नेहमी म्हणायचे ना, नाव-नंबर हवा, म्हणजे ज्याला जाब विचारायचा त्याला विचारता येतो. तर तसा फोन आला. जाब विचारायला मात्र नाही. मदत मागायला.

त्यांनी सांगितलं — आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समितीच्या माणसाला फेरीत ताजी मोड दिसली. तुटलेली जागा पांढरीशुभ्र असते, लगेच कळते. आदल्या दिवशी शेवटचा गट आमचा, वाटाडे ते. समितीतले काही जण म्हणतात, लखमूनेच तोडून कुठल्या तरी पर्यटकाला दिली असेल. त्यांची पाळी थांबवली आहे. “दीदी, आप लोगों में से किसी से गलती से टूट गया हो तो बोल दो। गलती से टूटता है। मैं समिति में बोल दूँगा, आप फोन पर दो बात बोल देना, बस।”

गलती से. त्यांनी मला वाटसुद्धा काढून दिली होती. चुकून लागला हात, माफ करा — एवढं म्हटलं असतं तरी त्यांची पाळी वाचली असती. अर्धं खोटं चाललं असतं, भैया. तेवढंही मी बोलले नाही.

मी म्हणाले, “नाही. आमच्यातल्या कुणीच नाही. आम्ही विज्ञानवाले लोक आहोत, आम्ही असं करूच शकत नाही.”

आवाजात चीड होती माझ्या! खोटी नव्हती, खरीच चीड आली होती — त्यांनी विचारलंच कसं याची. तुम्हाला आलीय कधी अशी चीड, स्वतः चोर असताना?

मग ते म्हणाले, “हाँ दीदी। मैंने भी समिति में यही बोला था। पढ़े-लिखे लोग हैं, अपने ही लोग हैं, ये नहीं करेंगे।”

माझ्या वतीने त्यांनी आधीच साक्ष दिली होती. स्वतःची पाळी जात असताना.

नंतर दोनदा फोन आला. मी घेतला नाही. मग यायचा थांबला.

आणि त्या तुकड्याचं मी काय केलं? गावोगाव नेला. चार वर्षांच्या मंडया, चार महाशिवरात्रीच्या जत्रा. पांढऱ्या ताटलीत तो ठेवायचा, ड्रॉपरने ॲसिडचा थेंब सोडायचा, तो फसफसायचा आणि मी म्हणायचे — बघा, देव फसफसत नाही, चुना फसफसतो! टाळ्या पडायच्या. त्याआधी मी बोट वर करून सांगायचे की एवढं व्हायला शेकडो वर्षं लागतात. लखमू भैयांचं वाक्य, त्यांची बोट धरायची तऱ्हा, तशीच्या तशी. आणि मग थेंब सोडायचे. कुणी विचारलं कुठून आणला, तर — “तिथल्या लोकांनी दिला. खाली पडलेला होता.” हेही शंभरदा. इतक्यांदा की मला तो खाली पडलेला दिसायला लागला होता.

महाराजांच्या गावीही नेला. तो म्हातारा पुढे येऊन तुकडा न्याहाळत म्हणाला, “हाव, खराच आहे गा.” त्या गावातल्या बाया लेकरांना दवाखान्यात न्यायला लागल्या. हे खरं आहे. हे लिहावं की नाही यावर मी बराच वेळ अडले. लिहिलं नाही तर पूर्ण सांगितलं असं होत नाही. लिहिलं तर ते सबब म्हणून वाचलं जाईल. तेव्हा सबब नाही म्हणून वाचा. तो तुकडा मला मागूनही मिळाला असता. समितीला पत्र लिहायचं, त्यांच्याकडे पूर्वीचे तुटलेले तुकडे होते, मी ते ऑफिसच्या खिडकीत ठेवलेले पाहिले होते. मागितलं असतं तर वेळ लागला असता, इतकंच. मला तो त्याच हंगामात हवा होता. मला जिंकायचं होतं.

गेल्या दिवाळीनंतर आंबागडला मंडई होती. किल्ल्याच्या डोंगराखाली दुकानं लागलेली, पाळणा, भजी, नाटकाचा मांडव. माझं प्रात्यक्षिक झालं, टाळ्या झाल्या, आणि शेवंतामावशी मला ओढून तिच्या घरी घेऊन गेली. चहा ठेवला. कप माझ्या हातात दिला आणि समोर बसली.

“पोरी, एक विचारू? थो गोटा तुले कोनी देल्ला?”

मी नेहमीचं उत्तर दिलं. जिभेवरच होतं.

“माह्यापाशी तरी नोको बोलू असं. थ्या दिवशी माह्या गुडघा नव्हता वाजला. मी तुह्या बाजूलेच होतो.”

मावशी सांगत राहिली. अंधारात तिच्या गालाला माझा दंड लागला होता, वर जाताना. मग आवाज. तिला कळलं. आणि तिने मला वाचवलं, कारण तिला एकदा आम्ही वाचवलं होतं. तिच्या हिशेबी ती फेड होती.

“मंग घरी येऊन मी देवापुढं बसलो. म्हटलं, बापा, लबाडी केली मी, थ्या मानसाच्या तोंडावर केली. माफ कर. मी तं मोकळी झालो.” मग तिने मला सरळ विचारलं, रागाने नाही, खरंच काळजीने: “तू कोनाले सांगशीन व? तुले तं देवबी नाही.”

ज्या बाईला मी चार वर्षं तिच्या देवाबद्दल समजावत होते, तिने मला हे विचारलं. टोमणा असता तर मी उलट बोलले असते. मला बोलता येतं. पण तो टोमणा नव्हता.

मी तिला फोनचं सांगितलं. लखमू भैयांचा फोन, माझं उत्तर, न घेतलेले फोन. हे तिला माहीत नव्हतं. तिने कप खाली ठेवला. “त्याची पाळी गेली? माह्या गुडघ्यापायी?” असं म्हणून ती बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिली. तुझा गुडघा नव्हता मावशी, माझा हात होता, असं मी म्हणत राहिले. तिने ऐकलं नाही. तेव्हा मला कळलं की मी अजून एका माणसावर ओझं टाकलंय.

भंडाऱ्याला परतणाऱ्या बसमध्ये मी ठरवलं. देव नाही, हे मी आजही ठामपणे म्हणते. पण मग सांगायचं ते ज्याचं बिघडवलं त्यालाच. दुसरा कोणी मधे नाहीच. माझ्या विचारांचा अर्थ एवढा सोपा होता, आणि तो मला चार वर्षं दिसला नाही — की दिसूनही मी बघितला नाही?

डिसेंबरात मी एकटी गेले. समितीची सहा माणसं गुहेच्या ऑफिसबाहेर बाकावर बसली होती. मी डबी उघडून ठेवली. आत आता नखाएवढा पिवळट खडा उरला होता, बाकीचा मी ॲसिडने खाल्ला होता. कधी, कुठे, कशी मोडली ते सांगितलं. लखमू भैयांचा फोन आला होता आणि मी खोटं बोलले, हे सांगितलं. एक जण लिहून घेत होता, मी त्याला माझं पूर्ण नाव, गाव सांगितलं आणि त्याखाली सही केली. त्यांनी मला यापुढे गुहेत प्रवेश नाही असं लिहिलं. बरोबर केलं. पाळीचं विचारलं तेव्हा समितीतला म्हातारा म्हणाला, चार वर्षांत ती दुसऱ्याच्या घराकडे गेली, त्या घराचंही आता त्यावर चालतं, बैठक घ्यावी लागेल, सांगता येत नाही.

लखमू भैयांना बोलावून आणलं. ते रस्त्याच्या कामावरून आले, हाताला डांबर. त्यांना सगळं सांगितलं गेलं. मला वाटलं होतं ते चिडतील. मी त्याची तयारी करून गेले होते — काय काय ऐकून घ्यायचं, कसं उभं राहायचं. ते चिडले नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

“फोन पर क्यों नहीं बोला, दीदी?”

भीती म्हणू? लाज म्हणू? चळवळ म्हणू? प्रत्येक शब्द तोंडाशी आला आणि प्रत्येक शब्द मला ऐकायला खोटा वाटला. ते खरंच उत्तराची वाट बघत होते. मग रस्त्यावरून मुकादम हाका मारत होता म्हणून गेले.

परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितलं आणि म्हणाले, मी छापणार आहे. डोमाजीकाका बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, “पोरी, हे छापलं तं थे महाराजवाले नाचतील. आपली चार वर्षांची मेहनत मातीत जाईन. समितीपुढं बोलली ना? झालं तं मंग. लोकाइले कायले सांगतं?”

“लोकांनाच खोटं सांगितलं होतं, काका. खाली पडलेला होता म्हणून.”

“हसतील आपल्यावर.”

“हसू द्या. माझ्यावर हसतील. मंडळाचं नाव मी घालत नाही. मी राजीनामा आणलाय.”

काकांनी तो कागद घेतला नाही, परतही केला नाही. तो टेबलावरच राहिला. एकाने विचारलं, निदान ॲसिडचा प्रयोग तरी चालू ठेवायचा का, खडूवरही होतो. मी म्हणाले, खडूवर करा आणि खडू आहे म्हणून सांगा.

हे पत्रक मी, खाली माझं नाव आणि नंबर छापून, आंबागडला, महाराजांच्या गावी, आणि ज्या ज्या गावात ती ताटली मांडली त्या प्रत्येक गावात स्वतः नेऊन वाटणार आहे. माझ्या हातून घ्या, तोंडावर काय बोलायचं ते बोला. ज्यांना यावरून आमची सगळी चळवळच खोटी ठरवायची आहे त्यांनी ठरवावी. चुना तरीही चुनाच राहील, आणि मी तरीही त्या दुपारी फोनवर खोटं बोललेलीच राहीन. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. त्यातली एक दुसरीला खोडत नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. हा कागद छापून आला की पहिला त्यांच्या हातात देईन. ते काय म्हणतील याचा विचार मी करत बसत नाही.

परवा समितीच्या माणसाला फोन केला होता. बैठक झालेली नाही. लखमू भैया रस्त्याच्या कामावरच आहेत. गुहेत रोज गट जातात, रोज कुणीतरी दिवा विझवतो, आणि ज्याने आम्हाला आपले म्हटलं तो माणूस तिथे नसतो. त्याला तिथून मी काढलं.